‘शिकारी मानव’ : एका सिद्धान्ताची यवतमाळच्या संदर्भात चिकित्सा

मानवाच्या उत्क्रांतीत शिकारीचे स्थान कोणते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अतिप्राचीन काळाचा वाटतो. वस्तुतः त्याच्या उत्तराचा परिणाम आज हयात असलेल्या समाजांविषयीच्या मतांवर होत आला आहे. म्हणून त्याची चिकित्सा अगत्याची ठरते. शिकागो येथे १९६६ मध्ये भरलेल्या परिसंवादातील निबंध ‘मॅन द हंटर’ या ग्रंथात १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी वॉशबर्न व लँकेस्टर यांच्या निबंधाने असे प्रतिपादिले की, मानवाची बुद्धी, त्याचे भावजीवन व त्याची सामाजिक घडण ही सर्व मूलतः शिकारी जीवनाची फलश्रुती होय. रेमंड डार्ट यांनी १९५३ मध्ये अधिक उग्रपणे मांडलेला विचारच येथे संयत रूपात पुढे आला. हत्यारे, सहकार्य, स्त्री-पुरुषांतील श्रमविभाग या साऱ्यांचा उलगडा एकाच कारणाने होतो, हे या सिद्धान्ताचे आकर्षण. तथापि त्याचे दोन्ही आधार, म्हणजे प्राचीन अस्थी व आजचे शिकारी समाज, तपासून पाहिले असता तो तितकासा स्थिर राहत नाही.

प्रथम अस्थींचा पुरावा. दक्षिण आफ्रिकेतील गुहांत सापडलेले हाडांचे ढीग हे आद्य मानवाच्या शिकारीचे अवशेष होत, असे डार्ट यांचे मत होते. सी. के. ब्रेन यांनी १९८१ च्या ग्रंथात त्यांपैकी बरेचसे ढीग हिंस्र पशूंनी साठविल्याचे दाखविले. स्वार्टक्रान्स येथील एका कवटीवरील दोन छिद्रे बिबट्याच्या सुळ्यांशी जुळतात. ज्यास शिकारी मानले, तो स्वतःच भक्ष्य होता. इथिओपियातील बौरी येथे सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर दगडी हत्यारांच्या खुणा आढळल्या आहेत. त्यांवरून मांस कापले गेले हे निश्चित होते, पण जनावर कोणी मारले हे ठरत नाही. जर्मनीतील शोनिंगेन येथील लाकडी भाल्यांनी संघटित शिकारीविषयी शंका उरू दिली नाही. परंतु ते भाले दोन-तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. मानववंशाची घडण तोवर बरीच पुढे गेली होती. अशी शिकार त्या घडणीचे कारण असण्यापेक्षा तिचे फळ असणे अधिक संभवनीय दिसते.

दुसरा आधार हयात समाजांचा. येथे त्या ग्रंथातच विरोधी साक्ष आहे : कालाहारीतील कुंग लोकांच्या आहारात वनस्पतिज अन्नाचा वाटा मांसाहून मोठा असल्याचे रिचर्ड ली यांनी त्यातच दाखविले. यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण या बाबतीत आणखी बोधप्रद आहे. जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागांत, केळापूर, मारेगाव, वणी, झरी जामणी या तालुक्यांत, कोलामांचे पोड आहेत. मोह, चारोळी, डिंक, तेंदूपाने यांचे संकलन, बांबूचे विणकाम आणि शेती यांवर त्यांचे जीवन उभे राहिले. शिकार हे त्यांतील एक अंग होते. याच जिल्ह्यात व जवळच्या अमरावती-अकोल्यात फासेपारधी आहेत. परंपरेने ते खरोखर शिकारी; पण त्यांची शिकार भाल्याची नव्हे, फाशाची. शिकविलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ जाणे, तित्तिर-लाव्यांच्या वाटा ओळखून फासे मांडणे, यांत बळापेक्षा निरीक्षण व धीर यांचे काम अधिक.

मल्होत्रा, खोमणे व गाडगीळ यांनी १९८३ मध्ये महाराष्ट्रातील फासेपारधी, वैदू व नंदीवाले यांच्या शिकारपद्धतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिघांची सावजे व साधने बव्हंशी निरनिराळी असल्याचे त्यावरून दिसते. असे विशेषीकरण शेतीप्रधान समाजाच्या सान्निध्यात, गावाशी देवघेव ठेवूनच टिकू शकते. म्हणून पारध्यास आद्य मानवाची प्रतिमा समजणे हा कालविपर्यास होय.

या उदाहरणांतून आणखी एक मुद्दा निघतो. केसांचे व तातीचे फासे, बांबूची टोपली, कंद खणण्याची काठी या वस्तू मातीत उरत नाहीत. दगड व हाड उरते. अन्न गोळा करून आणण्याचे पात्र हे आद्य शोधांपैकी एक असावे, असे सॅली स्लोकम यांनी १९७० नंतरच्या दशकात सुचविले होते. जे टिकले तेच महत्त्वाचे, असे मानल्याने स्त्रियांच्या श्रमाचा व फाशासारख्या युक्तीचा इतिहासच गळून पडतो.

ही चूक ग्रंथांपुरती राहत नाही. १८७१ पासूनच्या कायद्यांखाली पारध्यांसह अनेक भटक्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या. तो कलंक कायद्यातून १९५२ मध्ये गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्यांचा परंपरागत व्यवसायच गुन्हा ठरला. शेती करणारे कोलाम शासनाच्या यादीत ‘आदिम जमात’ म्हणून नोंदले गेले, आणि त्या वर्गवारीच्या निकषांत ‘शेतीपूर्व तंत्र’ हा एक होता. हेतू साहाय्याचा असला, तरी समकालीन माणसास भूतकाळाचा अवशेष मानण्याची दृष्टी तीच.

शिकारीने मानवाच्या घडणीत भाग घेतला, हे नाकारण्याचे कारण नाही. नाकारावयाचे आहे ते तिचे एकमेव कर्तेपण. फासेपारध्याच्या कौशल्यावरून मानवी बुद्धी काय करू शकते हे कळेल. आद्य मानवाने काय केले हे कळणार नाही. या दोन विधानांतील अंतर राखणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.