पाहणाऱ्याचीही परीक्षा

वेडा राघू बिळात घरटे करतो आणि धोका जवळ असेल तर आत शिरायचे टाळतो. मिलिंद वाटवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली ‘अ‍ॅनिमल कॉग्निशन’मध्ये दाखवले, की अंतर साधारण तेवढेच असले तरी, घरटे दिसेल अशा जागी माणूस उभा असताना पक्षी कमी वेळा आत जातात. या शोधनिबंधाचे बळ आम्हाला नोंदीच्या व्याख्येत दिसते. पक्षी आत गेला की नाही, यात मतभेदाला फारसा वाव नाही. ‘पक्ष्याला दुसऱ्याची नजर कळते’ हा मात्र त्या नोंदींचा लावलेला अर्थ आहे. तो नोंदींइतका पक्का मानता येणार नाही.

समजा, जासईच्या दोन मुलांनी तारेवरच्या राघूच्या 100 नोंदी स्वतंत्रपणे घेतल्या. दोघांनीही 90 वेळा ‘बसला’ आणि 10 वेळा ‘उडाला’ लिहिले. पक्ष्याकडे न पाहता लिहिले असते, तरी सुमारे 82 नोंदी योगायोगानेच जुळल्या असत्या! तेव्हा शिक्षकांनी एकूण टक्केवारीवर समाधान मानू नये. ‘उडाला’ केव्हा म्हणायचे ते आधी ठरवावे आणि त्या थोड्या नोंदी किती जुळतात ते तपासावे.