दरी भाषा राखते का?

माझ्या कपाटातील एक बालपुस्तक मी कित्येक वर्षे जर्मन समजत होतो. वाचला होता इंग्रजी अनुवाद. मूळ ‘उओर्सिन’ (१९४५) स्वित्झर्लंडच्या एंगाडिन दरीतल्या रोमान्श भाषेत सेलिना च्योन्त्स यांनी पद्यात लिहिले. चित्रे आलोइस कारिजिएट यांची. जगात ते गाजले ते मात्र ‘शेलेन-उर्सली’ या जर्मन नावाने. माझी चूक एकट्याची नसावी.

१ मार्चच्या ‘खालान्दामार्स’ला मुले घंटा वाजवत हिवाळा हाकलतात. उर्सलीच्या वाट्याला सर्वांत लहान घंटा येते. मोठी घंटा डोंगरावरच्या उन्हाळी झोपडीत आहे. तो एकटाच बर्फ तुडवत जातो, रात्रभर परतत नाही. घरी आईबाप व्याकूळ. दुसऱ्या दिवशी तो मिरवणुकीच्या अग्रभागी असतो.

या गोष्टीत ‘डोंगराआड सुखरूप राहिलेली संस्कृती’ पाहणे मला चुकीचे वाटते. परंपरेला लागणारी वस्तू गावात हाताशी नाही. कुणीतरी जोखीम पत्करून ती आणावी लागते. पुस्तकाचा खरा जीव या जाण्यात आहे, रंगवलेल्या घरांत नाही.

इतिहासही हेच सांगतो. एंगाडिन कधीच बंदिस्त नव्हते. तिथले मिठाईवाले १७६६ पर्यंत व्हेनिसमध्ये दुकाने थाटून होते. उलट १४६४ च्या आगीनंतर कूर शहर उभारायला जर्मनभाषक कारागीर आले आणि शहराची रोमान्श गेली. डोंगर तिथेही होते. भाषा टिकली ती माणसांनी केलेल्या कामांमुळे: बिफ्रुन यांनी १५६० मध्ये ‘नवा करार’ छापला, १९३८ च्या जनमताने रोमान्श चौथी राष्ट्रभाषा ठरली.

पण राखणाऱ्यांतही वाद आहेच. पाच लिखित बोलींसाठी १९८२ मध्ये ‘रुमान्च ग्रिशुन’ हे प्रमाण रूप घडवले गेले. शाळेची पुस्तके त्यातच छापण्याचे ठरले, तेव्हा पालकांनी विरोध केला. २०११ मध्ये प्रांताला माघार घ्यावी लागली. मुलाच्या हाती परकी वाटणारी घंटा देऊन मिरवणूक निघत नाही. मात्र प्रत्येक बोलीची वेगळी पुस्तके छापणे महाग पडते, हेही तितकेच खरे.

अहिराणी-मालवणीच्या ‘जतना’विषयी आपण बोलतो तेव्हा प्रमाण मराठीपुढचा प्रश्न याच जातीचा असतो. बोली खेड्यात ‘आपोआप’ राहील, ही समजूत सोयीची आहे. तिच्यामुळे आपल्याला डोंगर चढावा लागत नाही.