'सामना'तला सभासद कुठे गेला?

सहकारावर किंवा ग्रामीण समाजावर काही लिहायचं म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं, 'सामना' बघ. बघाच. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, १९७५ साल. पण प्रबंधात पुरावा म्हणून वापरणार असाल, तर शेजारी वोयत्येख यास्नी यांचा १९६८ चा एक चेक सिनेमा ठेवून बघा. 'माझे सगळे भले गावकरी' अशा अर्थाचं त्याचं नाव. १९६९ मध्ये यास्नींना कानमध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि मायदेशात सिनेमावर बंदी आली.

१९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली, पुढच्याच वर्षी सामूहिक शेतीचा कायदा आला. सिनेमातलं सगळं नाट्य एका सहीपाशी येऊन थांबतं. फ्रान्तिशेक नावाचा शेतकरी सही करत नाही, आणि तो करत नाही तोवर बाकीचेही अडून बसतात. दडपण आणणारे परके नाहीत, कालपर्यंत एकत्र पिणारे, गाणारे शेजारीच आहेत. खरी बोच तिथे आहे.

आता 'सामना'. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. लागूंचा दारुडा मास्तर, दोघांची झुंज जबरदस्त. बेपत्ता मारुती कांबळेचा प्रश्न मास्तर सोडतच नाही. पण एक गोष्ट शोधा : शेअर घेऊन सभासद झालेला, कारखान्याला ऊस घालणारा साधा शेतकरी. तो का सामील झाला, त्याला काय मिळालं, तो गप्प का बसला? कॅमेरा त्याच्या घरात जात नाही. आपण सगळं हिंदुरावाच्या वाड्यातून बघतो.

माझ्या मते ही 'सामना'ची मोठी उणीव आहे. (फुल्यांचं काम बघताना ती जाणवत नाही, हे त्यांचं यश.) आपल्याकडे सही कुणी बंदुकीच्या धाकानं घेतली नव्हती. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. स्वेच्छेनं आलेला माणूस पुढे अडकतो कसा? कर्ज, पाणी, उसाची तोड कधी मिळणार, यातून. हा भाग चेक गोष्टीपेक्षा गुंतागुंतीचा आहे, आणि नेमका तोच पडद्यावर नाही. म्हणून १९७५ च्या सुशिक्षित माणसाला सहकाराची कसली भीती वाटत होती, याचा पुरावा म्हणून 'सामना' उत्तम. सहकार चालायचा कसा, याचा पुरावा म्हणून अपुरा.

महाड-पोलादपूरकडच्या मुलांनी तर आणखी जपून राहावं. 'सामना'तलं गाव म्हणजे 'महाराष्ट्रातलं खेडं' असं आपणही सहज लिहून जातो. सावित्रीच्या खोऱ्यात कुठला आलाय साखर कारखाना? इथे भात, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि घरटी कुणीतरी मुंबईला. इथला जमिनीचा प्रश्न खोतीचा. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, मुंबई प्रांताचा कायदा झाला १९४९ मध्ये. साल बघा : तिकडे शेतकऱ्याची जमीन सामूहिक करण्याचा कायदा, इकडे खोताचा हक्क काढण्याचा, एकाच वर्षी. आम्हा विज्ञानवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर उसाच्या पट्ट्यातला नमुना घेऊन भाताच्या वाडीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

तर आधी दोन्ही सिनेमे सलग बघा, आणि वहीत एकच नोंद ठेवा : प्रत्येक प्रसंगात कॅमेरा कुणाच्या दारात उभा आहे.