जुनापाणी: साम्य म्हणजे नातं नव्हे
नागपूरजवळ जुनापाणीला मातीच्या ढिगांभोवती गोल मांडलेले धोंडे आहेत; आत लोहयुगातली दफनं. त्या धोंड्यांवरचे वाटीसारखे खळगे रिव्हेट-कार्नॅकने १८७९ मध्ये नोंदले. ती नोंद आजही मोलाची. पण ब्रिटनमधल्या दफन-टेकाडांशी साम्य दिसताच, युरोपात पसरलेल्या टोळ्यांचीच शाखा इथे आली असावी, असं त्याने सुचवलं. गडी घसरला तो इथेच!

आम्हा पांडेसरावाल्यांना याचा पडताळा सुरतेतच मिळतो. कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रजी कबरस्तानात ऑक्झेंडन बंधूंची कबर बघा: थेट मुघल धाटणीची, घुमटवाली. म्हणून ते मुघल ठरतात का? १९६१-६२ च्या उत्खननातली काळी-तांबडी भांडी आणि लोखंड जुनापाणीला विदर्भातल्याच इतर शिळावर्तुळांशी जोडतात. आधी शेजार बघावा, मग सातासमुद्रापार जावं.