सुट्या भागांचा अन्वय

संस्कृत श्लोक शिकवितांना जुने शास्त्री प्रथम पदच्छेद करून घेत व मग अन्वय लावीत. पदें सुटीं करणें हें पहिलें काम. तीं अर्थाच्या क्रमानें पुन्हा बसविणें हें दुसरें. बी. बी. सी. फोर या वाहिनीवर २०१६ व २०१७ सालीं दाखविली गेलेली ‘द रीअसेंब्लर’ ही दूरचित्रवाणी-मालिका पाहत असतां या पद्धतीची आम्हांस वारंवार आठवण झाली. कारण तींत अन्वय आहे, परंतु पदच्छेद नाहीं. मालिकेचा गुण आणि तिचें न्यून हीं दोन्ही आमच्या मतें याच एका गोष्टींतून निघालेलीं आहेत.

मालिकेचें स्वरूप अगदीं साधें आहे. जेम्स मे हे गृहस्थ मोटारींविषयींच्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमामुळें सर्वपरिचित झालेले. येथें मात्र वेगाचा व त्यांचा कांहीं संबंध नाहीं. त्यांच्यासमोर मेजावर एखाद्या जुन्या घरगुती यंत्राचे सारे भाग मांडून ठेवलेले असतात : १९५९ सालच्या गवत कापण्याच्या पेट्रोल-यंत्राचे ३३१, टेलिफोनचे २११, विजेच्या गिटारचे १४७. अर्ध्या तासाच्या एकेका प्रकरणांत हे भाग आपापल्या जागीं जाऊन बसतात. स्पर्धा नाहीं, बक्षीस नाहीं, रडारड नाहीं. यांत घडतें तरी काय, असें आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं विचारलें. एक स्क्रू बसतो व मग दुसरा बसतो, एवढेंच घडतें. पण दुसरा स्क्रू पहिल्याच्या आधीं कां बसत नाहीं हें कळणें, ही कांहीं सामान्य करमणूक नव्हे.

टेलिफोनचें प्रकरण याचें उत्तम उदाहरण होय. आमच्या वयाच्या वाचकांनीं तबकडीचा टेलिफोन वापरलेला आहे. बोट घालून तबकडी फिरविली म्हणजे अंक पुढें गेला, अशीच बहुतेकांची समजूत असे. वस्तुतः बोटानें केवळ आंतील स्प्रिंगला पीळ बसतो. अंक जातो तो तबकडी सोडल्यावर, ती आपल्या आपण परत येत असतां. पांच फिरविले तर विजेचा प्रवाह पांच वेळां तुटतो. शून्य फिरविलें तर दहा वेळां. ही परतीची गति सेकंदास सुमारें दहा स्पंदनें इतकी असावी लागते, आणि ती राखण्यासाठीं दोन चिमुकलीं वजनें फिरतां फिरतां बाहेर फांकून एका वाटीच्या आंतल्या कडेस घासतात. उतावळ्या माणसाचा अंक व सावकाश माणसाचा अंक एकाच चालीनें जावा, यासाठीं ही सारी योजना! इतकी वर्षें कानाशीं धरलेल्या वस्तूच्या पोटांत एवढा न्याय भरलेला होता, याची आम्हां वापरणारांस दादहि नव्हती.

दाद नसण्यास कारणहि होतें. त्या काळीं ब्रिटनमध्यें टेलिफोन ग्राहकाच्या मालकीचा नसे. तो पोस्ट खात्याचा. ग्राहकानें तो उघडावयाचा नसे. परत आलेलीं यंत्रें खात्याच्या कारखान्यांत उघडून, पुसून, झिजलेले भाग बदलून पुन्हा वापरांत आणीत. म्हणजे मे हे जें काम चहाचे घोट घेत हौसेनें करतात, तें शेंकडों अनाम हातांचें रोजचें मजुरीचें काम होतें. मे आपल्या बालपणाकडे फार वेळां वळतात. त्यांतील निम्मा वेळ जरी त्यांनीं या हातांस दिला असता, तरी मालिकेस अधिक वजन आलें असतें. त्यांचा विनोद कोरडा व सुखद आहे हें मान्य. पण तो कधीं कधीं हातांतल्या स्क्रूपेक्षां लांब होतो.

मूळ आक्षेप मात्र याहून मोठा आहे. भाग सुटे करण्याचें काम प्रेक्षकांस दिसतच नाहीं. यंत्राची खरी ओळख आम्हांस तरी उघडतांनाच होते, असें वाटतें. कोणता स्क्रू गंजून धरला आहे, कोणती कड झिजली आहे, पूर्वीं कोणी तार बांधून वेळ मारून नेली आहे, हें सारें तेव्हां दिसतें. म्हणजे यंत्राचें आयुष्य दिसतें. स्वच्छ करून ओळीनें मांडलेल्या भागांत तें पुसलें जातें, व अवघड ग्रंथाची पाठ्यपुस्तकी आवृत्ति हातीं यावी तसें होतें. गिटारच्या प्रकरणांत ही उणीव विशेष जाणवते. तेथें जोडण्यासारखें थोडें, आणि जें सांगावयास हवें तें नादाविषयीं.

ज्यांस यंत्रामागचें तत्त्व व इतिहास हवा असेल त्यांनीं टिम हंकिन यांची १९८८ सालीं सुरू झालेली ‘द सीक्रेट लाइफ ऑफ मशीन्स’ ही मालिका पाहावी. ती या विषयांत आजहि वरचढ आहे.

असें असतांहि आम्ही ही मालिका घरांतील मुलांस दाखवावी अशी शिफारस करतों, आणि ती जुन्या काळाच्या प्रेमानें नव्हे. आज आपल्या घरांत येणाऱ्या कित्येक वस्तूंस उघडण्याची जागाच ठेवलेली नसते. डिंकानें चिकटविलेली बॅटरी संपली कीं वस्तु संपली. ब्रिटनमध्यें २०२१ सालीं धुलाईयंत्रें, शीतकपाटें वगैरेंचे सुटे भाग पुरविणें उत्पादकांवर कायद्यानें बंधनकारक करावें लागलें, यावरून गोष्ट कोठवर गेली होती तें दिसतें. ज्या मुलानें कोणत्याच वस्तूचें आंतलें अंग पाहिलेलें नाहीं, त्यास वस्तु माणसानें केलेली आहे हें पाठ असेल, पण पटलेलें नसेल. ३३१ तुकड्यांतून इंजिन उभें राहतांना पाहिलें, म्हणजे तें पटतें.

पाहण्याचा क्रम टेलिफोनपासून धरावा. त्यानंतर गवत कापण्याचें यंत्र. मात्र तें लावण्यापूर्वीं मुलांस एवढें सांगावें कीं, अशा यंत्राची पहिली कल्पना एडविन बडिंग यांस कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचली व १८३० सालीं त्यांनीं तिचें पेटंट घेतलें. मग फिरतीं पातीं व खालचें स्थिर पातें एकमेकांस कातरीप्रमाणें कशीं भिडतात इकडे त्यांचें लक्ष आपोआप जाईल. गिटार शेवटीं ठेवावी. वेळ नसल्यास वगळावी.