उडीचं वजन

प्लॅटफॉर्म गेम म्हटला की मारिओ आठवतो. गुबगुबीत शरीर, भडक रंग आणि हवेत असतानाही दिशा बदलू देणारी उडी. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा कित्ता पुढे इतक्यांनी गिरवला, की चाळिशीतल्या माणसाला आपल्याजोगं काही शोधायचं तर रंगीबेरंगी प्राण्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. वाट आहे, पण अरुंद.

ती नीट पाडली जॉर्डन मेकनरने, १९८९च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त. त्याने धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना व्हिडिओवर टिपलं आणि त्या चित्रणावरून एकेक फ्रेम रेखाटली. म्हणून त्या राजपुत्राला धावता धावता एकदम थांबता येत नाही, कडा पकडली की तो लोंबकळतो, आणि झेप चुकली तर हवेत सावरायची सोय नाही. खाली सुळे असतात. चेहरा जेमतेम चार ठिपक्यांचा, तरी तो पडला की आपल्या पोटात गोळा येतो. गेमला प्रौढपण येतं ते या वजनामुळे, असं माझं मत. रक्त आणि काळोख हे नंतरचे अलंकार.

फ्रान्सच्या एरिक शाईने १९९१मध्ये जवळजवळ एकहाती केलेला ‘अनदर वर्ल्ड’ याच्याही पुढे गेला. पडद्यावर ना गुण, ना जीव मोजणारी पट्टी. परग्रहावर येऊन पडलेला एक शास्त्रज्ञ आणि त्याच्यासोबत कैदेतून निसटणारा तिथला एक रहिवासी. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, तरी मैत्री कळते. सपाट रंगांच्या बहुभुजांतून उभी केलेली ती चित्रं आजही जुनी वाटत नाहीत.

मग त्रिमिती आली. ‘टूम रेडर’मध्ये (१९९६) उडी पावलं मोजून मारावी लागे, तोवर ठीक होतं. पण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चाच पुढचा भाग म्हणून घाट घातलेला आणि २००७मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ म्हणून अवतरलेला गेम पाहा. बटण दाबून धरलं की नायक आपोआप भिंत चढतो. देखणं आहे, पण जोखीम गेली. मोठ्या कंपन्यांचं वास्तवदर्शी चित्रण त्या बाजूला गेलं आणि बाजूने दिसणारी सपाट चौकट छोट्या स्टुडिओंच्या वाट्याला आली.

त्यांपैकी कोपनहेगनच्या प्लेडेडचं काम सर्वांत मोलाचं. ‘लिंबो’ (२०१०) काळ्या-पांढऱ्या छायांचा. ‘इनसाइड’ (२०१६) त्याहून सरस. त्यात एके ठिकाणी मुलाला निर्जीव चालीने निघालेल्या माणसांच्या रांगेत घुसून, त्यांच्या हालचालींची बिनचूक नक्कल करत पहाऱ्यापुढून जावं लागतं. एकही शब्द नाही. सत्तेविषयी इतकं नेमकं बोलणारे गेम मला फारसे आढळले नाहीत.

दुर्दैवाने त्याचाही साचा झाला. अंधार, मुकं एकटं मूल, मागे लागलेलं काहीतरी प्रचंड. ‘लिटल नाइटमेअर्स’ (२०१७) त्यातला कुशल नमुना. बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं. मोठ्यांसाठीच्या या गेममध्ये मोठं माणूस मात्र सापडत नाही! उलट ‘सेलेस्ट’ (२०१८) दिसायला ठिपक्यांचं कार्टून, पण भीतीचे झटके झेलत डोंगर चढणाऱ्या तरुणीची त्यातली गोष्ट या अंधाऱ्या जंगलांपेक्षा जास्त समजूतदार आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) इथे नोंदवायलाच हवा. पहाडी चित्रशैलीच्या वळणाच्या भिंती आणि छाया-बाहुल्यांमधून सांगितलेली कथा हे त्याचं खरं वैभव. उडी मात्र हलकी, कडा सहज हाती येणारी. आणि शेवट घाईत उरकलेला.

शोध सुरू करायचा तर ‘इनसाइड’पासून करा, एका सुट्टीच्या दुपारी तो संपतो. ‘अनदर वर्ल्ड’ त्यानंतर. त्यात सुरुवातीलाच तुम्ही पाण्याखाली असता आणि लगेच वर पोहावं लागतं. पहिल्या खेपेला बुडालात तर पुन्हा सुरू करा, गेम बिघडलेला नाही.