तुकारामांच्या अभंगांतील शोक आणि कर्ता

इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यात देहूच्या तुकारामांचा व्यापार बुडाला व त्यांची एक पत्नी अन्नावाचून मरण पावली. मुलगाही याच काळात गेला, असे परंपरा सांगते. ही आपत्ती तुकारामांनी ईश्वरी योजना म्हणून स्वीकारली, असा अर्थ बहुधा गृहीत धरला जातो. अभंगांची भाषा या अर्थाला कितपत आधार देते, हे पाहणे अगत्याचे आहे.

ज्या अभंगात दिवाळे, दुष्काळ, अपमान व गुराढोरांची हानी यांना एकामागून एक ‘बरे’ म्हटले आहे, तो या अर्थाचा मुख्य आधार होय. परंतु तेथे देव संबोधनात येतो किंवा शरण जाण्याचे स्थान म्हणून येतो. हानीचा कर्ता म्हणून येत नाही. पीडा केली ती दुष्काळाने. शिवाय ‘बऱ्या’च्या या यादीत मृत पत्नीचा उल्लेखच नाही, तेथील पत्नी कर्कश स्वभावाची, अर्थात जिवंत आहे.

आप्तांचे मृत्यू ओळीने सांगणारा दुसरा एक अभंग मात्र वरील मताला अनुकूल वाटेल. मुलाच्या मृत्यूलाही तेथे ‘बरे’ म्हटले आहे, आणि ‘देवें’ हे तृतीयान्त कर्तृपदही आले आहे. तथापि प्रयोग बारकाईने पाहिले पाहिजेत. बाप, पत्नी, मूल व माता या चौघांचेही मरण ‘मरणे’ या अकर्मक धातूने, कर्तरि प्रयोगात सांगितले आहे. ‘देवें’ हे पद येते ते मायेतून सोडविण्याच्या क्रियेपाशी, म्हणजे मागे राहिलेल्याच्या अवस्थेपाशी. ‘देवाने नेले’ हा मराठी समाजातील सांत्वनाचा रूढ प्रयोग. तो येथे सहज बसला असता, पण योजिलेला नाही.

संतांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून रचलेला आत्मचरित्रपर अभंग याहून कठोर आहे. द्रव्य आटले ते दुष्काळाने, असे तेथे तृतीयेने स्पष्ट केले आहे. पत्नी अन्नासाठी आकांत करीत मेली, एवढेच पुढे येते. तिला ‘मुक्त’ म्हटलेले नाही, तिच्या मरणाला ‘बरे’ म्हटलेले नाही. त्यापाठोपाठ लज्जा व दुःख यांची कबुली आहे आणि लगेच भंगलेले देऊळ दुरुस्त करावे असे मनात आल्याचे निवेदन आहे. मृत्यू व देऊळ यांना जोडणारे ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ असे एकही उभयान्वयी अव्यय कवीने घातलेले नाही.

हा अभाव केवळ पद्याच्या संक्षेपाचा परिणाम आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु त्याच संक्षेपात दुष्काळाला कर्तृपद देण्यास जागा सापडली आहे. तेव्हा निदान या तीन अभंगांपुरते असे म्हणणे प्राप्त होते की, मृत्यूचे कर्तृत्व देवाकडे न देता तुकारामांनी देवाशी संबंध टिकविला. येथील श्रद्धा मृत्यूच्या स्पष्टीकरणावर उभी नाही. ‘का’ हा प्रश्न अनुत्तरित असतानाच ती पडक्या देवळाच्या कामाला लागते. या अभंगांतून केवळ समाधान वेचणारी टीका त्या अन्नावाचून मेलेल्या स्त्रीवर अन्याय करते, आणि तिचे मरण मोजक्या शब्दांत नोंदवून पुढे काहीही न जोडणाऱ्या कवीवरही.